कातळ, ओहोटी, पारंब्या: मुंबईच्या निसर्गावरून शिल्प उभं करताना

कातळकडा (धागाकर्ता)

प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत ‘निसर्गातून प्रेरणा’ हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. गिल्बर्ट हिल किंवा बँडस्टँडचे खडक बघून थक्क व्हायला कुणाची शिकवणी लागत नाही. अडतं ते पुढे. डोळ्यांत भरलेला आकार मातीत कसा उतरवायचा, साचा कसा काढायचा, आणि झालेली वस्तू खाऱ्या हवेत नि चार महिन्यांच्या पावसात टिकणार कशात, यावर मराठीत एका जागी फार थोडं सापडतं. म्हणून हा धागा.

विषय मुद्दाम मुंबईपुरता ठेवतोय. सुरुवातीला तीन गोष्टी घेऊ: अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब, ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्याचा कातळ, आणि मुळं (तिवराची, वडाची, भिंतीत घुसलेल्या पिंपळाची). करायचं आहे ते साधारण चार फुटांचं, उघड्यावर राहणारं शिल्प. हुबेहूब नक्कल कुणालाच नको असावी. फायबरचे खोटे खडक रिसॉर्टच्या धबधब्यांत हवे तेवढे आहेत.

ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. मापं, प्रमाणं, काय बिघडतं आणि का. ‘मन मोकळं ठेवा’ छापाचे सल्ले कृपया नकोत.

ओळंबा

आकार बघण्याआधी तो कशाने झाला ते बघा. बाकी सगळं त्यातून सुटत जातं.

गिल्बर्ट हिल साधारण ६० मीटर उंच, वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोन करत आत शिरत जातात. तेच हे खांब. एवढं कळलं की मातीतल्या दोन चुका टळतात. पहिली म्हणजे सगळे खांब षट्कोनी करणं. प्रत्यक्षात पाच, सहा, सात बाजूंचे खांब शेजारी-शेजारी असतात, बाजूंची रुंदी कमीजास्त असते. तीन तडे जिथे मिळतात तिथला कोन तेवढा १२० अंशांच्या आसपास जातो. सगळे एकसारखे केलेत तर पेन्सिलींचा जुडगा तयार होईल. दुसरी चूक म्हणजे एकेक खांब वेगळा करून चिकटवणं. डोंगरात आधी एकसंध वस्तुमान होतं, तडे नंतर गेले. मातीतही आधी अख्खा ठोकळा उभा करा, किंचित सुकू द्या (बोट दाबलं तर ठसा उमटेल पण माती चिकटणार नाही इतकाच), मग तारेने चिरा. एकाच चिरेतून निघालेल्या दोन कडा एकमेकींशी बोलतात. चिकटवलेल्या कधीच बोलत नाहीत.

दुसरा नियम गोल दगडांचा. पवई-आरेच्या बाजूला जिथे डोंगर कापलाय तिथे बसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटताना दिसतो. भेगांनी कापलेल्या चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी काम करतं, कडेवर दोन बाजूंनी, सपाट पृष्ठावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, पृष्ठ सगळ्यात शेवटी. शिल्पात गोलाई आणताना हाच क्रम ठेवा. सरसकट सगळीकडून घासत गेलात की साबणाची वडी होते. या क्रमाने गेलात तर गोल झालेल्या दगडातही मूळचा ठोकळा जाणवत राहतो.

तिसरा, रांजणखळगे. निघोजचे सगळ्यांना माहीत आहेत, पण किनाऱ्याच्या कातळातही लहान लहान सापडतात. खळग्यात अडकलेले गोटे पाण्याबरोबर गोल फिरतात आणि तळ घासतात, त्यामुळे पुष्कळदा तोंडापेक्षा पोट रुंद. मातीत हे चमच्याने उकरू नका. पत्र्याची अर्ध्या छेदाची (खळगा उभा कापला तर दिसेल त्या आकाराच्या निम्म्याची) पट्टी कापा, मध्यावर खिळा रोवून ती पट्टी फिरवा. मग एका बाजूने हाताने मोडा. तोंडापेक्षा पोट रुंद असेल तर पट्टी तोंडातून बाहेर निघणार नाही. तेव्हा तोंडाकडची माती आधी कमी ठेवा आणि ओठ शेवटी चढवा.

प्रकाशाचं म्हणाल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी काळा कातळ म्हणजे नुसता डाग. पावसाळ्यात ओल्या बसाल्टवर पोत नाहीसा होतो पण प्रतलं लख्ख दिसतात, तेव्हा दोन्ही ऋतूंत एकदा तरी रेखाटा. सोबत तीन मीटरचा टेप, ओळंबा, दर १० सेंटिमीटरला खूण केलेली काठी (फोटोत मापासाठी) आणि कंगव्यासारखं प्रोफाइल गेज. गेज नसेल तर दोन-तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार कडेवर दाबायची, उचलून कागदावर ठेवायची नि पेन्सिल फिरवायची. फोटोपेक्षा असे पाच छेद जास्त कामाचे, कारण फोटोत भिंगामुळे कडा वाकतात आणि खोली कळतच नाही.

वेसावची पोर

वरच्यात ओहोटीचं राहिलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला सुकती (पूर्ण ओहोटी). अमावस्या-पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा देतो, मुंबईला प्रत्यक्षात बारा-साडेबारा होतात. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सुकती नेमकी सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाला, तिरक्या उन्हाच्या वेळी. द्वितीया-तृतीयेला ती साडेसात-आठपर्यंत सरकते. कातळ जास्तीत जास्त उघडा आणि ऊन आडवं, चित्र काढणाऱ्याला याहून चांगले दिवस नाहीत. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, सप्तमी-अष्टमीला, जाऊन उपयोग नाही. पाणी पुरतं मागे हटत नाही आणि ऊन डोक्यावर.

तिथीचा हिशेब अंदाजाला. जाण्याआधी भरतीचं छापील वेळापत्रक बघाच. आणि ध्यानात ठेवा, पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटर असतो, म्हणजे त्या दोन तासांत पुरुषभर पाणी. चित्रात डोकं घालून बसलेल्याच्या मागची वाट आधी बुडते. हिरवट शेवाळावर पाय टाकू नका. शंख-कालवं चिकटलेला खडबडीत कातळ पायाला धरतो, पण पडलात तर सोलून काढतो.

तिवर

मुळांविषयी. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात आणि बहुतेक जण ती शिल्पात कशीही खोचतात, उदबत्त्यांसारखी. नीट बघा. ती जमिनीखालच्या आडव्या मुळांवर उगवतात आणि ती आडवी मुळं खोडापासून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर जातात. त्यामुळे विखुरलेल्या वाटणाऱ्या काड्यांत खरं तर रांगा असतात. ही रांग दिसली तरच जमिनीखालचं झाड जाणवतं. चिप्पीची श्वसनमुळं जाड आणि शंकूसारखी निमुळती. कांदळाची गोष्टच वेगळी, खोडातून निघून कमानीसारखी जमिनीत उतरणारी आधारमुळं.

कायद्याचं: २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी आणली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा खारफुटी वृक्ष आहे. म्हणजे मूळ तोडून आणणं सोडाच, जिवंत श्वसनमुळांवर प्लास्टर किंवा सिलिकॉन ओतणंही नको. त्यांच्यावरची बारीक छिद्रं बुजली तर झाड गुदमरतं. चिखलात न उतरता बघायचं तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. राष्ट्रीय उद्यानातून काटकीसुद्धा उचलायची नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुनी, मोठी झाडं हाताच्या अंतरावर आहेत, रेखाटायला तीच बरी.

सालीचा किंवा कातळाचा ठसा हवाच असेल तर मातीने घ्या. शाडूची २० ते २५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, एका बाजूला शंखजिरे (टाल्क) भुरभुरा, ती बाजू सालीवर ठेवून मधून कडेकडे दाबत जा. कडेकडून मध्ये आलात की हवा अडकते आणि ठशात खळी पडते. पाठीवर औषधाच्या दुकानात मिळते ती १५ सेंटिमीटरची प्लास्टर पट्टी भिजवून चार थर द्या. पंधरा मिनिटांत कवच कडक होतं, मग कवचासकट उचला. तसं न करता नुसती माती सोलून काढलीत तर ती ताणली जाऊन सगळा ठसा लांबट होतो. ३० × ३० सेंटिमीटरपेक्षा मोठा घेऊ नका, एवढ्याचंच वजन चार किलोच्या पुढे जातं. त्याच दिवशी प्लास्टर ओता. साल लगेच साध्या पाण्याने पुसा.

ओळंबा

@तिवर, ठशाची कृती चोख आहे. एकच भर: ठसा म्हणजे पोत, आकार नव्हे. बेढब गोळ्यावर सालीचा सुंदर ठसा चिकटवला तरी तो बेढब गोळाच. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर गारगोट्या आणि हाडं गोळा करायचा, त्यांना माती-प्लास्टर जोडून तळहातात मावतील असे नमुने करायचा, आणि ते हातात फिरवून सगळ्या बाजूंनी बघायचा. पोत त्यानंतर.

शाडू_लालबाग

मातीचं नि साच्याचं मी लिहितो.

शाडू पावडर घ्या, चाळा, भिजवून निदान दोन दिवस गोणपाटाखाली ठेवा. गणपतीच्या शाडूत कापूस किंवा कागदाचा लगदा घालतात तो इथे नको. तारेने कापताना तंतू ओढले जातात आणि चीर फाटते. मातीवरून साचाच काढायचा आहे, ती वाळवून ठेवायची नाही, त्यामुळे ताकदीची गरज नाही.

चार फुटांच्या कामाला मधला दांडा १२ मिलिमीटरची सळई, फांद्यांना ६ ते ८ मिलिमीटर, सगळं पाटाला फ्लँजने (बोल्ट मारायच्या लोखंडी चकतीने) पक्कं. सळईला आधी ऑइल पेंट मारा, नाहीतर ओल्या मातीत महिनाभरात गंज उतरतो आणि मातीवर तांबडे डाग येतात. लाकडी फुल्या (दोन काटक्या एकमेकींवर आडव्या बांधून) तारेला लोंबत्या बांधा, दर चार-पाच इंचांवर एक. माती सळईवर घसरते, फुलीवर टेकते. आडव्या किंवा कमानीच्या आकारात (कांदळाची मुळं!) फुल्या दुप्पट लागतात. मोठ्या पोटात थर्माकोलचे तुकडे भरून जाळी गुंडाळली की मातीचं वजन निम्म्यावर येतं. रोज काम संपलं की ओलं फडकं आणि वर प्लास्टिक. मे महिन्यात दोन दिवस उघडं राहिलं तर माती आकसते, सळई आकसत नाही, आणि भेगा थेट सळईच्या रेषेत जातात.

साचा. एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड, म्हणजे फोडून टाकायचा साचा. मातीत पत्र्याच्या पट्ट्या उभ्या रोवून दोन किंवा तीन भाग पाडा. पट्टीची रेघ कडेवरून न्या, सपाट पृष्ठावरून नको. प्लास्टर एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो. नेहमी पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी कधीच नाही. मुठीने भुरभुरत टाका, वर बेट दिसू लागलं की थांबा, मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून ढवळा म्हणजे बुडबुडे होत नाहीत. पहिल्या थराच्या पाण्यात चिमूटभर कपड्याची नीळ. हा थर ५-६ मिलिमीटर, बोटांनी शिंपडत. त्यावर मातीच्या पाण्याचा पातळ हात, म्हणजे पुढचा थर सुटा निघतो. मग पांढरा थर इंचभर, त्यात नारळाचा काथ्या आणि दोन आडव्या सळया. प्लास्टर तापतं, नंतर थंड होतं. थंड झाल्यावर उघडायचं आणि आतली माती काढून टाकायची.

आत साबणाचे तीन हात, त्यावर तेलाचा अगदी पातळ हात, मग ओतकाम. फोडताना छिन्नी पांढऱ्या थरात चालवा, निळं दिसलं की हात हलका. निळीचा उपयोग एवढाच, पण तिच्यावाचून हमखास नाक उडतं. (इथे नाक नाही म्हणा, खांबाची कड.)

पावसाळ्यातली तक्रार नेहमीची: ‘प्लास्टर जमतच नाही.’ जूनमध्ये फोडलेली गोणी जुलैत हवेतला ओलावा पिऊन अर्धी मेलेली असते. झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. वापरण्याआधी १०० मिली पाण्यात १४० ग्रॅम कालवून बघा, अर्ध्या तासानंतरही नख रुततंय तर ती गोणी भिंतीची भोकं बुजवायला. मीठ घालून सेटिंग लवकर होतं हे खरं, पण मीठ नंतर पृष्ठावर फुलून येतं.

नवखा_मुलुंड

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा सिलिकॉनचा साचा आणि फायबर का नाही? आणि उघड्यावर ठेवायला ते गंजल्यासारखं दिसणारं कॉर्टेन स्टील हल्ली सगळीकडे दिसतं, ते?

साचेवाला

फायबर जरूर करा, फक्त त्याचे हट्ट सांभाळा.

सिलिकॉन खोल खळग्यांना उत्तमच. दोन-तीन टक्के हार्डनरवाला स्वस्त प्रकार मुंबईच्या दमट हवेत लवकर घट्ट होतो आणि काही महिन्यांत थोडा आकसतो. साचा लगेच वापरायचा असेल तर चालतो. महागडा प्लॅटिनम प्रकार गंधकाला घाबरतो. गंधक असलेल्या प्लास्टिसिनवर लावलात तर चिकटच राहणार. आधी अंगठ्याएवढ्या जागेवर लावून बघा.

फायबरला पहिला जेलकोट (बाहेरून दिसणारा रेझिनचा थर) अर्धा मिलिमीटर. तो बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी ३०० ग्रॅमची काचतंतूंची मॅट, मग ४५० च्या दोन. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रावण) आणि हार्डनर प्रत्येकी किलोला १० ते २० मिली. मे महिन्यात दहाच्या वर गेलात तर डब्यातच जमतं आणि धूर निघतो.

ठळक अक्षरांत: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्हींना वेगळे माप-पेले, वेगळ्या फळीवर.

पावसात हवा फार दमट असली की पृष्ठ चिकट राहतं. त्या दिवशी काम करू नका, मॅट तर मुळीच उघडी ठेवू नका. जेलकोटमध्ये बसाल्टची पूड घालून दगडी रंग मिळतो, पण पूड तव्यावर भाजून कोरडी करा. काळा रंग उन्हात इतका तापतो की पातळ, सपाट भाग वाकतात, म्हणून आतून पट्टीचे आडवे आधार द्या. जेलकोट अतिनील किरणांना टिकणारा मागा, नाहीतर दोन-तीन वर्षांत पिवळट नि खडूसारखा.

कॉर्टेन मुंबईत किनाऱ्याजवळ नको. त्याचा गंज संरक्षक थर बनायचा तर ओलं-कोरडं चक्र हवं आणि मीठ नको. खाऱ्या शिंतोड्यांत थर स्थिरावतच नाही, पापुद्रे सुटत राहतात आणि खालची फरशी कायमची तांबडी. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ प्रतीचं. ३०४ वर चहाचे डाग पडल्यासारखी तपकिरी झाक येते. गंमत म्हणजे ती पाऊस लागतो त्या बाजूला कमी आणि वळचणीच्या बाजूला जास्त, कारण तिथलं मीठ धुतलं जात नाही. ३१६ सुद्धा घासून गुळगुळीत केलेलं घ्या. खरखरीत पृष्ठावर मीठ बसतं.

टाकी_हातोडा

एवढं काळ्या दगडावर बोलून दगडात करायचं कुणी म्हणतच नाहीये!

दगड निवडताना हातोडीने वाजवा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत शीर आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. पूर्ण भिजवा आणि वाळताना बघत राहा. सगळा दगड वाळला तरी जी काळी रेघ ओली राहते ती भेग. तिसरं, पोकळ्या. आपल्या बसाल्टमध्ये वायूचे बुडबुडे राहिलेले असतात, कधी झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाने भरलेले. अशी बारीक पोकळी कडेवर आली की टवका उडालाच.

मोठं वस्तुमान काढायला ग्राइंडरवर चार इंची डायमंड पातं, १५-२० मिलिमीटर अंतराने समांतर चिरा, इंचभर खोल. मग त्या पाकळ्या छिन्नीने उडवा. पुढे टी.सी. टिपची (टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची) टाकी. आधी उभी धरून, नंतर तिरपी. साधी पोलादी टाकी बसाल्टवर अर्ध्या तासात बोथट होते, पाथरवट भाता सोबत ठेवत ते उगाच नाही. पाणी सोडत कापा आणि कागदी मास्क नको, निदान एन-९५. कोरड्या कापणीतली धूळ फुप्फुसात राहते.

या दगडाची खरी गंमत रंगात आहे. टाकीचा घाव पडला की बसाल्ट राखाडी-पांढरट, तोच ६० (भरड) पासून ३००० (अतिबारीक) नंबरच्या पॉलिशपर्यंत घासत गेलात की काळाभोर. एका दगडात दोन रंग, बाहेरचं काहीही न लावता. जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुचीने बसाल्टमध्ये नेमकं हेच वापरलं: मूळ साल तशीच, काही भाग टाकीचा, काही पॉलिश. ओहोटीच्या रेषेखालचा कातळ आणि वरचा कातळ यांतला फरक दाखवायला याहून सोपा मार्ग नाही. ४०० ते ८०० च्या मध्ये दगड मळकट दिसतो, तिथे घाबरून थांबू नका.

वजन: बसाल्ट घनफुटाला साधारण ८२ किलो. दोन फुटांचा ठोकळा म्हणजे ६५० किलो, आणि तो चार चौरस फुटांवर उभा. राहत्या इमारतीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. हा ठोकळा त्या जागेवर चौरस मीटरला १७०० च्या पुढे जातो. तळमजला, तोही मातीवरचा. सोसायटीच्या गच्चीवर चढवून नंतर ‘फार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

भटक्या_फोर्ट

अवांतर, पण फारसं नाही. निसर्गाचे आकार दगडात आणायची या शहराची जुनी शाळा सीएसएमटीच्या भिंतीवर आहे. इमारत १८७८ ते १८८८, वास्तुरचनाकार स्टीव्हन्स, आणि पानाफुलांच्या, मोर-माकडांच्या नक्षीत जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात. जेजे १८५७ चं; शिल्पकलेचा अध्यापक लॉकवुड किपलिंग तिथे १८६५ ते १८७५ होता. दुर्बीण घेऊन बघा. वर जावं तसं पान सोपं होत जातं आणि काप खोल. खालून बघणाऱ्याला शिरा दिसत नाहीत, सावली दिसते.

याउलट जोगेश्वरीची लेणी. मऊ दगड, झिरपणारं पाणी, मूर्तींचे नुसते उंचवटे उरलेत. पाण्याची वाट आधी न ठरवल्याचा परिणाम बघायला तिथे जा.

शाडू_लालबाग

फायबर आणि दगड यांच्यामध्ये सिमेंट आहे हे सगळे विसरले. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ तिथल्याच जांभ्याच्या खड्यांत सिमेंट मिसळून केलं. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयात सिमेंटची कामं बघायला मिळतात, रेवसची लाँच धरली की दिवसात जाऊन येता येतं. आपल्याकडे जांभ्याऐवजी बसाल्टची कच (बारीक चुरा) आहे.

प्रमाण सिमेंट-कच एकास दोन, कच तीन मिलिमीटरच्या खालची आणि धुतलेली. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ पट, त्याहून जास्त नको. सिमेंट स्लॅगवालं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या, खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही. समुद्राची वाळू धुऊनही नको. ओतल्यावर १२ ते १८ तासांनी साचा उघडून ओल्या ब्रशने वरचं सिमेंट घासून काढलं की काळी कच उघडी पडते, रंगाची गरजच नाही. उशीर झाला तर ब्रश चालत नाही. मग लोक अ‍ॅसिड मारतात, ते सिमेंट पोखरतं. चौदा दिवस ओलं गोणपाट, गोड्या पाण्याचं.

लोखंड हा खरा शत्रू. सागरी फवाऱ्याच्या जागी सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीट हवं असं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं. चार फुटांच्या शिल्पात एवढी जाडी कुठून आणणार? तेव्हा साधी सळई वापरूच नका, ३१६ ची तार किंवा काचतंतू घाला. मिठाने गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून खपली उडवतं. दादर-वरळीच्या जुन्या इमारतींच्या सज्जांकडे मान वर करून बघा.

कातळकडा

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. मी आता सिमेंटकडे झुकतोय. राहिलेली शंका: २० सेंटिमीटरचा नमुना थेट सहापट, १२० वर नेला तर?

ओळंबा

सहापट उंची म्हणजे पृष्ठभाग ३६ पट, घनफळ २१६ पट. नमुना ९०० ग्रॅमचा असेल तर भरीव प्रत १९० किलोच्या पुढे, म्हणून आतून पोकळ करा, भिंत ४०-५० मिलिमीटर. पण वजनापेक्षा मोठी अडचण नजरेची आहे. नमुन्यातला दोन मिलिमीटरचा बोटाचा खळगा मोठ्यात १२ मिलिमीटरचा होतो आणि तिथे तो मेलेला दिसतो, कारण बोट तेवढं मोठं नसतं. मध्ये ५०-६० सेंटिमीटरची एक पायरी घ्या आणि तिथे पृष्ठ नव्याने ठरवा. मोजायला दोन्ही मापांना चौकटी करून ओळंबे सोडा, नमुन्याला एक सेंटिमीटरच्या खुणा, मोठ्याला सहाच्या. आधी सर्वांत बाहेरचे बिंदू पकडा, मग सर्वांत आतले, मधले आपोआप सापडतात.

उघड्या जागी वाऱ्याचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्या. मुंबईला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. पायाचे बोल्टही ३१६ चेच.

साचेवाला

आणि रांजणखळगा करणार असाल तर त्याच्या तळाला १२ मिलिमीटरचं भोक, साच्यातच पाइप ठेवून. नंतर पाडायला गेलात तर कच उडते. खळग्यात पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास आणि पालिकेची नोटीस.

कातळकडा

भोक तळाला खाली सरळ दिलं तर पाणी चौथऱ्यावर साचेल ना?

साचेवाला

सरळ नको. तिरपं काढून मागच्या बाजूला, चौथऱ्याच्या कडेबाहेर दोन इंच. आणि तोंडाला ३१६ ची जाळी, पिंपळाची पानं अडकतात.